पैलवानाच्या पोटऱ्या

अठ्ठ्याऐंशी साल. पांढुर्णा स्टेशनवर मी लेकीला पाजत बसले होते. नागपूरच्या गाडीतून उतरलेल्या सासू-सून शेजारी टेकल्या. सहा वर्षांचा मुलगा आजीच्या मांडीवर निजलेला.

सून सासूला सांगत होती, "आत्याबाई, डॉक्टर म्हणत होते, याच्या अंगात एक प्रोटीन बनतच नाही. ते स्नायूची भिंत धरून ठेवते. ते नाही म्हणून चालता-चालता स्नायू फाटून राहिले."

"अवं, पोटऱ्या तं पैलवानाच्या हायेत! जामसांवलीच्या मारुतीले नवस फेडला न मी!"

"ती नुसती चरबी हाये म्हणे."

"मंग ते प्रोटीन दुकानात नाही भेटत?"

"मागल्या वर्षी तं त्याचा शोध लागला. औषध नाही अजून."

सासू नातवाच्या पोटऱ्या चोळू लागली.

"हा रोग आईकडून येते म्हणे. माह्याकडून. मले माहेरी धाडता का?"

"तुले धाडलं तं याले उचलीन कोण? माह्या एकटीच्यानं होते का? चाल, तू पाय धर, मी खांदे."