अमाइनचा वास आणि अर्धं लिंबू

...नाकाला रुमाल कसला लावताय अहो? मासळी नाही ती, अमाइन आहे! तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षं प्रयोगशाळेत हेच करतोय. अमोनिया घ्यायचा. त्याच्या नायट्रोजनला तीन हायड्रोजन चिकटलेले. त्यातल्या एकाला उठवायचं आणि त्याच्या जागी आपला कार्बनवाला पाहुणा बसवायचा, बस! एकच हवा होता हो, एकच!

पण हा नायट्रोजन म्हणजे... एक बसला की त्याला जोर चढतो! दुसऱ्याला ओढतो, तिसऱ्याला ओढतो, चौथाही येऊन लटकतो, आणि फ्लास्कमध्ये नुसता सावळागोंधळ! साहेब चष्म्यावरून बघणार, ''काय हो, आपलं एक ठरलं होतं ना?'' मी म्हणणार, ''सर, मीही त्याला एकच सांगितला होता!''

आणि वास? कपड्यांत, केसांत... मी लिफ्टमध्ये शिरलो की माणसं मधल्याच मजल्यावर उतरायची! घरी साबण फासून फासून हात घासायचो, तर वास आणखी चढायचा. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट आमची! शेवटी एक दिवस वैतागून बायकोने अर्धं लिंबू माझ्या हातावर पिळलं, आणि वास गायब! अहो, आंबट लागलं की अमाइनचा क्षार होतो, त्याला वास नसतो, साबणाने तो उलट मोकळा सुटतो... हे मी पोरांना शिकवलंय! पण घरात सुचलं कुणाला? तेव्हापासून मी बेल वाजवली की दार किलकिलं व्हायचं, फटीतून लिंबू धरलेला हात यायचा आणि मागून आवाज, ''अहो, आधी हात! मग तोंड दाखवा!''

ती आता लेकीकडे आहे. नातू झाला. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, आठवा लागलाय. बेसिनवरचं लिंबू वाळून लाकूड झालं, पण टाकवत नाही. खोटं कशाला बोलू, परवा स्वतःच्याच दाराची बेल वाजवून उभा राहिलो... किल्ली खिशात असताना! एकच आवाज हवा होता हो, एकच!

आणि गंमत बघा, नेमकं याच आठवड्यात जमलं! पद्धतच बदलली. आधी भरपूर अमोनियात पाहुण्याला अल्डिहाइडच्या रूपात सोडून दोघांची गाठ घालून दिली, मग हायड्रोजन देणारं सौम्य हायड्राइड टाकून ती पक्की केली. एक बसला आणि चक्क थांबला! लगेच आम्ल घालून क्षार केला. पांढरेशुभ्र स्फटिक, वासाचं नाव नाही!

तसाच धावत जाऊन फोन लावला. ''अगं, जमलं! एकच बसला! वाससुद्धा नाही!''

तिकडून हळूच, ''म्हणजे... आता लिंबू नाही लागत?''

मी लगेच पलटलो हो! म्हटलं, ''छे छे! हे आजच्यापुरतं गं! एरवी भयंकर वास! शेजारी तक्रार करतायत!''

''तुम्हाला एकट्याला काही म्हणजे काही जमत नाही,'' ती म्हणाली, आणि आवाज असा खुलला म्हणून सांगू! ''बघते, रविवारचं तिकीट मिळतंय का.''

आता ती येईल आणि मी खोटा पडेन, असं चालेल का? म्हणून सकाळीच जुन्या पद्धतीचा फ्लास्क चढवला... दुसरा बसला, तिसरा बसला, मी कुणालाही अडवलं नाही. तेव्हा तो रुमाल राहू द्या नाकाला. रविवारपर्यंत असंच आहे.