कोरडी कंबर

सावंगीच्या दवाखान्यात इला नंबरची वाट पाहत होती. मागच्या बाकावर नवराबायको बोलत होते.

"या उन्हात हे बर्फातली पँट काऊन आणली वं?"

"योगेंद्रले घालाले. हिले नाडी नाई, खांद्यावरून पट्टे आहेत. आपण त्याले उचलून खुर्चीत बसवतो, तवा खाली सरकत नाई. पोटालेबी काचत नाई."

"फेकून दे म्हटलं होतं ना!"

"मनालीले स्कीइंग शिकाले गेलता, तवा तुमीच घेऊन देल्ली. छातीपर्यंत येते, पडला तरी बर्फ आत जात नाई म्हणत होते."

"दुकानदार म्हणे तसं."

"खोटं नोयतं बोलला. मोडली तवाबी लेकराची कंबर कोरडीच होती."

इलाचा नंबर पुकारला. तिने पुढच्या नंबरला आधी जाऊ दिलं.