मालकाची किल्ली

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी नंबर लागायची वाट बघत होत्या.

"ताई, काल आम्ही दोघं कामावर असताना घरमालक पुन्हा स्वतःच्या किल्लीने आत शिरला."

"आता काय निमित्त?"

"नळ गळतो का बघायचं होतं म्हणे. जाताना सासूबाईंशी वीजबिलावरून भांडून त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद करून गेला."

"मेला कुठला! कुलूप बदल आधी."

"बदललं होतं गं. सासूबाईंनीच त्याला नवी किल्ली काढून दिली."

"मग घरच सोडा ना!"

"दुसरं बघून ठेवलंय. पण त्या हटून बसल्यात, येणार नाही म्हणतात."

"त्याचं एवढं ऐकून घेऊनही?"

"हो. म्हणतात, भांडायला का होईना, या घरात दिवसभरात माझ्याशी बोलतो तो एकटाच."