पाट पूर्वेकडे फिरवला

मी मूळची वर्ध्याची. वडील शाळामास्तर, घरात पुस्तकं हीच काय ती इस्टेट, आणि चार भावंडांत मी अशी की पाहुणे आले की पुस्तक घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसणार. आई म्हणायची, ही पोट्टी सासरी काय बोलेल बाप्पा. लग्न झालं ते रेल्वेतल्या इंजिनियरशी, त्यांची नोकरी लखनौला, म्हणून मी लखनौला. इथे आल्यावर पहिलं नवल काय वाटलं सांगू, सब्जीवाला भैयासुद्धा मला आप म्हणायचा आणि आप म्हणून म्हणूनच सडके टमाटे पिशवीत टाकायचा, आणि मी इतक्या अदबीला काय बोलणार म्हणून ते घरी घेऊन यायची. हे हसायचे. म्हणायचे, वर्ध्याला तुला कुणी असं फसवलं असतं का. मी म्हणायची, वर्ध्याला मला आप तरी कोण म्हणत होतं.

मग रेवा झाली, आणि रेवा शाळेत जायला लागली तशी मीही त्याच शाळेत लायब्ररीत लागले, गोमती नगरात आहे शाळा. पुस्तकं लावायची, मुलांना शोधून द्यायची, फार बोलायचं काम नाही, मला बरंच होतं ते. घरी मराठी आम्ही दोघं बोलायचो, रेवा सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. इथल्या सगळ्याच आपल्या घरांत असं आहे, त्यात काही विशेष नाही. पण हे गेले, दोन वर्षं होतील आता, आणि मग घरात मराठीला मराठीत उत्तर द्यायला कुणी उरलं नाही. मी म्हणते रेवा जेवायला बस, ती म्हणते आ रही हूँ. बस, एवढंच. रात्री नणंदेचा फोन आला वर्ध्याहून तर तेवढंच काय ते. मी काही रडगाणं गात नाहीये हं, हे अशासाठी सांगते की शाळेत ती गोष्ट निघाली तेव्हा मी इतकी का हरखले ते तुम्हाला कळावं.

गोष्ट अशी. आमच्या प्रिन्सिपल मॅडमना कल्पना सुचली की बारावीच्या मुलांच्या निरोपसमारंभाला यंदा प्रत्येक प्रांताची मुलं त्या प्रांताच्या नावानं स्टेजवर बोलवायची. आमच्याकडे अफसरांची, सायंटिस्ट लोकांची मुलं पुष्कळ, म्हणजे बंगाली आहेत, मल्याळी आहेत, पंजाबी, पहाडी, तर ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीनं मोठ्या माणसानं त्याचा मान करायचा, खांद्यावर त्या प्रांताचं वस्त्र घालायचं. महाराष्ट्राची बारावीत एकच मुलगी, माझी रेवा. आणि शाळेत मराठी माणूस एकच, मी. मॅडम म्हणाल्या, आपके यहाँ क्या करते हैं. मी म्हटलं, औक्षण करतो. काय सांगू तुम्हाला, मी लायब्ररीत परत आले आणि भूगोलाची पुस्तकं इतिहासात लावून ठेवली, इतका माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच संध्याकाळी नणंदेला सांगून पैठणीच्या काठाचं उपरणं मागवलं, कुरियरनं.

आणि घरी येऊन रेवाला सांगितलं तर ती म्हणाली, मैं नहीं जा रही.

मी म्हटलं काहून. ती म्हणाली, आई, मैं वर्धा गई कितनी बार हूँ, शादी-ब्याह में, और वहाँ सब मुझे लखनऊवाली बोलते हैं. आणि मग खरं कारण सांगितलं. कोमलला बोलवत नाहीयेत.

कोमल म्हणजे रेवाची मैत्रीण, सहावीपासून दोघी एका बाकावर. शहराबाहेरच्या बख्शी का तालाब गावाहून येते, घरी शेती, आजोबा-पणजोबा सगळे तिथलेच. तिनं वर्गात विचारलं की मॅम, हम लोग कहाँ खड़े होंगे, तर उत्तर मिळालं, तुम लोग तो यहीं के हो, तुम मेज़बान हो, तुम तालियाँ बजाना. अर्ध्याहून जास्त वर्ग असा मेज़बान, म्हणजे यजमान, निघाला. स्टाफरूममध्ये आमचे हिंदीचे अवस्थी सर चहात बिस्किट बुडवत म्हणाले, ताली बजाने वाला मेज़बान पहली बार सुना, मेज़बान को तो खाना सबसे बाद में मिलता है, यहाँ मिलेगा ही नहीं.

सगळे हसले. मी एरवी अशा वेळी पुस्तकात डोकं घालते, पण त्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, आप लोगों से कोई नहीं पूछता आप कहाँ के हैं, हमसे रोज़ पूछते हैं. रिक्षावाला विचारतो, बँकेत विचारतात, आप बाहर की हैं क्या, इतकी वर्षं झाली तरी विचारतात. एकदा, आयुष्यात एकदा कुणी तोच प्रश्न मान देऊन विचारतंय तर तेवढं होऊ द्या की. सरांनी कप खाली ठेवला. भला माणूस आहे तो. मग हळूच म्हणाले, ठीक कहती हैं मैडम, पर जिससे कोई पूछता ही नहीं, उसका क्या. त्या दिवशी मी ते ऐकूनच घेतलं नाही म्हणा ना. माझ्या डोळ्यांपुढे तबक, निरांजन आणि रेवा पाटावर बसलेली, एवढंच दिसत होतं.

आता मध्ये दुसरंच निघालं. नणंदेचा फोन आला, उपरणं पाठवलं म्हणून, आणि मग ती जरा अडखळत म्हणाली, वहिनी, राग मानू नकोस, पण ओवाळणार कोण. मी म्हटलं मी. ती म्हणाली, घरात तू आई आहेस, कर, कोण बघतंय, पण स्टेजवर, चारचौघांत, आणि हे म्हणजे महाराष्ट्राच्या नावानं, तर एखादी सवाष्ण बघ ना. वाईट बाई नाही हो ती, भावासाठी माझ्याहून जास्त रडलेली आहे. पण मला तोवर हे सुचलंच नव्हतं, खरंच. हे गेल्यापासून मी कुणाला ओवाळलंच नव्हतं. रेवाच्या गेल्या वाढदिवसाला केक कापला आणि झालं. तेव्हा मला कळलं, की आपल्या रीतीचा मान हवा म्हटलं की तबकाबरोबर तबकाचे नियमही येतात, ते काही वर्ध्याला राहत नाहीत.

मग मी पाध्ये काकूंना फोन लावला. गणपतीत आमची इथली सगळी मराठी मंडळी जमतात तिथल्या त्या, कुणाचंही कार्य अंगावर घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, अगं आनंदानं येते, नऊवारी नेसू का. मी हो म्हणते आहे, वेळ सांगते आहे, तर मागे रेवा उभी. म्हणाली, काकू क्यों. मी म्हटलं, असंच. ती म्हणाली, असंच क्या, आपको तो आता है ना. मी ओट्यावरचं पुसायला लागले, आणि पोरीला कळलं. ती काही ओरडली नाही. ओढणी आवळून इतकंच म्हणाली, आप करोगी तो आऊँगी, और कोई थाली उठाएगा तो मैं पहली लाइन में बैठ के ताली बजाऊँगी, मेज़बान बनके.

बघा आता. जी पोरगी मराठी म्हणून स्टेजवर येणार नव्हती ती येते म्हणाली, पण अशी अट घालून. मला आनंद झाला की भीती वाटली ते आजही सांगता येणार नाही. काकूंना परत फोन केला. त्या जरा रुसल्या, नऊवारी काढून ठेवली होती म्हणाल्या.

समारंभ गेल्या शनिवारी सकाळी झाला. धुकं फिटून छान ऊन पडलं होतं, हॉल भरलेला, मागे मुलांचे आईबाप, आजीआजोबा. बंगाली मुलांवर दूर्वा आणि धान टाकलं, त्यांच्या आयांनी तोंडानं तो उलूचा आवाज काढला तर सगळा हॉल तसा आवाज काढायला बघत होता, पंजाबी मुलांच्या डोक्यावर भरतकामाची फुलकारी ओढणी, नुसती मजा. मग माइकवर महाराष्ट्र म्हणाले. रेवा आली. उपरणं तिनं स्वतःच घालून घेतलं होतं, उलटं, अस्तराची बाजू वर. मी तबक घेऊन उभी. शाळेच्या माणसांनी पाट मांडला होता तो प्रेक्षकांकडे तोंड करून, म्हणजे फोटो चांगला यावा. आणि मी बघते तर स्टेजमागच्या खिडकीतून ऊन येतंय, म्हणजे पूर्व मागे, म्हणजे पोरीचं तोंड होणार पश्चिमेला. आपल्यात ओवाळताना पूर्वेकडे तोंड लागतं, हे माझ्या हाडात इतकं बसलेलं की मी विचारच केला नाही, तबक टेबलावर ठेवलं, खाली वाकले आणि पाट फिरवला.

हॉलमध्ये हशा. कारण आता रेवाची पाठ लोकांकडे. फोटोवाला भैया म्हणाला, मैडम, बच्ची का चेहरा, चेहरा. प्रिन्सिपल मॅडम हातानं खुणा करताहेत की फिरवा, फिरवा. मी नाही म्हणून मान हलवली. रेवा हसायला लागली, खांदे हलत होते तिचे. पण त्यामुळे काय झालं बघा, एरवी ओवाळणाऱ्या बाईची पाठ लोकांकडे असते, माझं तोंड झालं लोकांकडे. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन घेतलं, मान वर केली, आणि ज्योतीच्या वरून मला तो सगळा हॉल दिसला. पुढच्या रांगांत बारावीची ती सगळी मुलं, ज्यांचं नाव कुणी घेणार नव्हतं. सहावीपासून ज्यांना मी पुस्तकं दिली ती मुलं. शहाण्यासारखी टाळ्या वाजवत होती. कोमल तर सगळ्यात जोरात.

माझा हात थांबला. आणि तेवढ्यात, मी काही केलं म्हणून नाही हो, आपण होऊन, मागच्या रांगेतून एक म्हातारी उभी राहिली. कोमलची दादी. शाल डोक्यावरून, हातात काठी, आवाज असा की माइकची गरज नाही. म्हणाली, ए बहिनजी, हमार बिटिया कउने देस कै आय. म्हणजे आमची पोर कुठल्या मुलखाची.

प्रिन्सिपल मॅडम गोड हसून म्हणाल्या, अम्माजी, आप लोग तो यहीं के हैं.

दादी म्हणाली, यहीं के हन, तौ का हमरे घर मा दिया नाहीं जरत.

इथले आहोत म्हणून काय आमच्या घरी दिवा लागत नाही. काय सांगू तुम्हाला, हॉल असा चिडीचूप झाला की कोमलनं ओढणीत तोंड लपवलेलं, त्या ओढणीतूनही, दादी बैठ जाओ, ऐकू आलं. अवस्थी सर छताकडे बघत होते. आणि मी, जी मी लायब्ररीतसुद्धा शांत बसा हे पाटी लावून सांगते, मी स्टेजवरून म्हटलं, अम्माजी, ऊपर आइए.

आली हो ती. कोमलचं मनगट धरून, काठी टेकत, पायऱ्या चढून आली. मी तबक पुढे केलं तर म्हणाली, ना, हम यहिसे नाहीं करित, आम्ही ह्यानं नाही करत. काठी माझ्याकडे दिली, कोमलचं ओढणीतलं तोंड मोकळं केलं, दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं अशी कडाकड मोडली की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला. मग काय, पोरांनी बाक वाजवले, शिट्ट्या मारल्या, मागून आणखी दोघीतिघी आज्या उठल्या, एक आजोबा उठले, प्रिन्सिपल मॅडम माइक घेऊन म्हणताहेत वन बाय वन प्लीज़, वन बाय वन, पण त्यांना कोण ऐकतं. मी एका हातात दादीची काठी, एका हातात तबक, अशी ती गंमत बघत उभी राहिले, भान हरपून.

तर खालून आवाज आला. रेवा तशीच पाटावर बसलेली, लोकांकडे पाठ, कपाळावर मी लावलेलं कुंकू. म्हणाली, आई, पूरा तो करो.

मग मी पुरं केलं. अंगठी-सुपारी फिरवली, निरांजन फिरवलं, पेढे आणायचे राहिले होते म्हणून पर्समधली रेवडी तिच्या तोंडात घातली. नणंदेनं व्हिडिओ बघितला, आणि म्हणाली, वहिनी, उपरणं उलटं होतं ना. बस, बाकी काही नाही. पाध्ये काकूंचा फोन आला की पुढच्या आठवड्यात माझ्या नातवाचं बोरनहाण आहे, तू ये, आणि ओवाळायला तबक तुझंच आण.

सोमवारी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. पुढच्या वर्षी काय करायचं. एक बाई म्हणाल्या, बंदच करा, सगळी मुलं शाळेची. बायोलॉजीच्या चॅटर्जी मॅडम म्हणाल्या, बंद का, माझ्या मुलाचा वर्षातून एक दिवस तुम्हाला जड झाला का. दोघींचंही मला पटत होतं, ही माझी अडचण आहे. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मान करावा, पण कोण कुठला हे शाळेनं ठरवू नये, आणि कुणाला टाळ्या वाजवायला तर बसवूच नये. मुलाला विचारा, त्याच्या घरच्यांना विचारा, ज्याला यायचं तो येईल आपल्या रीतीनं, ज्याला नाही यायचं त्याला नुसतं नावानं बोलवा, नाव तर प्रत्येकाला असतंच. अवस्थी सर म्हणाले, समारोह आधी रात तक चलेगा. मी म्हटलं, चलने दीजिए. अजून काही ठरलेलं नाही. पण मी मीटिंगमध्ये बोलले, एवढं ठरलं.

रेवा आता परीक्षेनंतर कॉलेजला जाईल, कदाचित पुण्याला. तिथे तिला यूपीवाली म्हणतील, इथे मला अजून बाहरवाली म्हणतात. म्हणू देत. घरात मी एकटी राहीन, ते आहेच, त्याला इलाज नाही. पण पोरीला जिथे जाईल तिथे कुणीतरी प्रेमानं विचारो की बाळा, तू कुठली, आणि तिला त्या दिवशी जे सांगावंसं वाटेल ते तिनं खुशाल सांगावं. कोमललाही विचारो. आणि तुम्ही इतकं ऐकून घेतलंत, तुमच्याही लेकराबाळांना विचारो.