अंगणातला बीच

धाकटा भाऊ सुकराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होतो, आणि पहिल्यांदा आठवला तो त्याचा बीच. जन्मभर तळ्यात मासे धरले, पण समुद्र पाहायची त्याला भारी हौस.

एका दिवाळीत म्हणाला, "दादा, बीच बीच म्हणतेत, ते काय असते?"

मी इंग्रजी शब्दकोश काढून शिकवणीच घेतली. "मूळ अर्थ, लाटांनी घासलेले गोटे. मग गोटे पसरलेल्या किनाऱ्यालाच बीच म्हणू लागले."

दुसऱ्या दिवशी गडी सायकलवर पोतं लादून हजर. वैनगंगेतले गोटे धडाधड अंगणात ओतले.

माझी बायको ओरडली, "भाऊजी, हे कायले आणलं?"

"बीच आणला वहिनी. आता समुद्र तेवढा दादा, तू दाखवजो."

"उन्हाळ्यात जाऊ," मी म्हणालो.

त्यानंतर चार उन्हाळे गेले. मी त्याला समुद्र दाखवला नाही.