नीलम्माच्या खळ्यावरची जोडी

निजामाच्या अमदानीत तुळजापूरच्या दवाखान्यात औषधाच्या रांगेत माझ्यापुढं दोघी उभ्या होत्या. मी नीट ऐकलं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

"नीलम्मा, औषध कुणाला गं?"

"शरिफाबी, आमच्या खळ्यावर आभाळातून जोडी उतरलीय. थोरला बैलाएवढा, पण त्याला तोंडच न्हाय. धाकला त्याच्या पाठीवर ऱ्हातो. धाकला जेवला की थोरल्याचं पोट भरतं."

"या अल्ला! आन् थोरला काय करतो?"

"धाकल्याला ऊब देतो. खाली काढला तर धाकला गारठून मरंल."

"तुला कुणी सांगितलं?"

"धाकल्यानं. माझं ऐकून आमच्या घरची कानडी शिकला. आता त्यालाच दुखणं लागलंय. घास उतरंना."

"तो गेला, तर थोरल्याचं कसं?"

"त्यांच्या मुलखात असं झालं, तर गावातले समदे धाकले पाळीपाळीनं त्याच्या पाठीवर बसून जेवत्यात. कुणाला उपाशी मरू देत न्हाईत."

"समदं गाव?"

"समदं. पण हितं त्याचं गाव कुठंय, शरिफाबी?"

"तू हो पुढं, माझ्या जागी. आन् मला सांग, म्या त्याच्या पाठीवर बसून भाकर खाल्ली, तर त्याला पोचंल का गं?"