दादाला पाजलेला पेला

...आणि दादाच्या खाटेवर पाटी तरी कशी, तर लाल अक्षरांत, ‘तोंडावाटे काहीही देऊ नये’! माणूस सोळा दिवस श्वासाच्या मशीनवर, घशात बोटाएवढी नळी, ती आज सकाळी काढली, आणि त्याला पाणीसुद्धा नाही? तुम्हाला सांगतो, माझा सख्खा थोरला भाऊ तो, ओठांची सालं निघालेली, माझ्याकडे असा बघतोय की... आणि मी कोण? तीस वर्षं बातमीदार, भल्याभल्यांना घाम फोडलेला. मी गप्प बसू? एक घोट तर आहे!

नर्स म्हणाली, उद्या दहाला गिळण्याच्या बाई येतील, घसा तपासतील, मग बघू. गिळण्याच्या बाई! म्हटलं, आमच्या घरात गिळायला कोणाला शिकवावं लागलेलं नाही, थांबवावं लागलंय; दादा तर वहिनीच्या ताटातलंही... जाऊ दे. तर त्या बाई दुसऱ्या पेशंटसाठी संध्याकाळीच आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, हातात चमचा नि छोटी बॅटरी, आणि मला शांतपणे समजावायला लागल्या, की इतके दिवस नळी असली की घसा बधिर होतो, पाणी फुफ्फुसात उतरतं आणि माणसाला ठसकासुद्धा लागत नाही, म्हणून आधी तोंड स्वच्छ करायचं, ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे, घट्ट केलेलं पाणी चमच्याचमच्यानं द्यायचं... मी काय केलं? वही काढली. नाव विचारलं, हुद्दा विचारला, तहानलेल्याला पाणी नाकारायचा नियम कोणाच्या सहीने निघाला ते विचारलं.

बाई म्हणाल्या, “काका, उद्या दहापर्यंत दम धरा. एवढंच.”

धरतोय कसला! भेटीची वेळ संपायला पाच मिनिटं. वहिनी म्हणाली, “भाऊजी, नको.” मी पेला लावला. दादा आडवाच. घोट गेला, ठसका नाही, खोकला नाही, नुसते डोळे मिटून असं सुख... म्हटलं, बघा वहिनी, एक घोट तर होता! आणि मग विजयाच्या भरात अख्खा पेला. वर रिकाम्या पेल्याचा, दादासकट, घड्याळ दिसेल असा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. पुरावा नको?

तिसऱ्या दिवशी ताप. फुफ्फुस भरलेलं. पुन्हा तीच नळी, आणखी अकरा दिवस. माझा फोटो दादाच्या फाइलला लावलाय. तीस वर्षांत माझी हीच एक बातमी अशी, की कोणी खुलासा मागितला नाही.

दुसऱ्यांदा नळी निघाली तेव्हा डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, आता तोंडाने जेवतील की नाही, सांगता येत नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बापाचं ऐकलं नाही, तो त्या चमचेवाल्या पोरीचं ऐकून दिवसातून तीनदा जीभ टाळूला दाबून धरतोय, मान उचलतोय, जेवण म्हणून नाकातल्या नळीतून पांढरं पाणी पोटात घेतोय. चौदा किलो उतरला. मधेच आमचा मामेभाऊ सुपाचा डबा घेऊन हजर, “अरे, एक घोट तर आहे!” मी त्याला कॉलर धरून जिन्यापर्यंत नेला. वॉर्डात सगळ्यांना वाटलं, डबा मीच आणवला!

गेल्या आठवड्यात गिळण्याची परीक्षा झाली. पास! बाईंनी दादाला ताठ बसवलं, चमचा भरला आणि विचारलं, “आजोबा, पहिला घास कोणाच्या हातचा?” आवाज अजून फुटत नाही त्याला, बोट उचललं. वहिनीवरून गेलं, मुलावरून गेलं... मी पुढे झालो हो, भाऊ आहे शेवटी... आणि बोट माझ्यावरूनही पुढे जाऊन फरशी पुसणाऱ्या मावशींवर थांबलं. त्यांनी हात धुतले, घास दिला, दादाने हनुवटी खाली घेऊन गिळला, वॉर्डभर टाळ्या. मग दादाने तेच बोट पुन्हा उचललं, माझ्यावर रोखलं, आणि दाराकडे वळवलं.

आता रोजचं जेवण मी बाहेरून बघतो. दाराची काच मावशींनी इतकी लख्ख पुसलीय, की तक्रारीलासुद्धा जागा नाही.